बर्फाचं कार्ड

(डहाणू रोड स्टेशनसमोर उमेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुपार. काउंटरमागे त्याची धाकटी बहीण हर्षदा लॅपटॉप उघडून बसली आहे.)

उमेश : म्हणजे ते दोन लाखांचं किट घ्यायचंच नाही?

हर्षदा : आत्ता नाही, दादा.

उमेश : अंधेरीच्या कंपनीत तीन वर्षं तेच वापरत होतीस ना? मग त्याच्याशिवाय इथे कार्ड बनवणार कसं?

हर्षदा : तिथे बँकांची लाखो कार्डं होती. इथे वरोरच्या मच्छीमार सोसायटीच्या एकशे ऐंशी होड्या. बर्फ उचलायला होडीमागे एक कार्ड, बस. त्याला हा रीडर पुरतो, बावीसशेचा. आत प्रोग्राम टाकता येईल अशी कोरी कार्डं घेतली पाच, साडेतीनशेला एक. प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि जावा मला येतंच.

उमेश : फुकटचं म्हणजे कामही फुकटचंच व्हायचं.

हर्षदा : तुझा तो स्क्रू-ड्रायव्हर कितीचा?

उमेश : साठ रुपयांचा.

हर्षदा : आणि त्याने फोन उघडतोस पन्नास-पन्नास हजारांचे.

उमेश : बरं, हरलो. पण कार्डं पाच म्हणालीस, समोर तर चारच आहेत.

हर्षदा : एक मेलं. काल चुकीची किल्ली टाकत बसले. किल्ली म्हणजे आतला गुप्त आकडा. दहा वेळा चुकला की कार्ड कायमचं बंद.

उमेश : मग रिसेट मार.

हर्षदा : ते होत नाही, म्हणून तर ते कार्ड चांगलं. आता अक्कल आली. आधी लॅपटॉपवरच्या खोट्या कार्डावर चालवून बघते, मग खऱ्याला हात लावते.

उमेश : आई विचारत होती. तलासरीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा निघालीय म्हणे.

हर्षदा : आईला मी समजावते. आधी वरोरचं काम.

उमेश : ते काम तर स्वतःच चालत आलं बघ. सोसायटीच्या चेअरमन. या सुनिताकाकी, बसा.

सुनिता : बसते रे. उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नाही. बाय, रागावू नको हां. कमिटीनं वापीच्या एका कार्डवाल्याचं कार्ड पसंत केलंय. पंचवीस रुपयांना एक. तुझं साडेतीनशेचं. तुझी बाजू मी कुठल्या तोंडानं घेऊ?

हर्षदा : त्याचं कार्ड आहे तुमच्याकडे?

सुनिता : कार्ड आहे, मशीनपण आहे. बघायला ठेवून गेलाय. हे काय, पिशवीत.

हर्षदा : कार्ड द्या जरा. दादा, त्या डब्यातलं पन्नास रुपयांचं साधं कोरं कार्ड काढ. हां. एक मिनिट, काकी... झालं. आता हे लावा तुमच्या मशीनला.

सुनिता : हे पांढरंफट्ट? यावर तर काहीच छापलेलं नाही.

हर्षदा : लावून तर बघा.

सुनिता : अगं बाई! माझंच नाव आलं की! दहा लाद्या बर्फ दाखवतंय!

हर्षदा : त्याचं मशीन फक्त कार्डाचा नंबर बघतं. नंबर कुणीही उतरवून घेईल.

सुनिता : आणि तुझं काय वेगळं करतं?

हर्षदा : माझं मशीन दर वेळी नवं कोडं घालतं. कार्ड आतल्या किल्लीनं ते सोडवतं. किल्ली बाहेर येतच नाही, मग चोर उतरवणार काय?

सुनिता : कुणालाच नक्कल काढता येणार नाही?

हर्षदा : नाही.

सुनिता : तुलासुद्धा?

उमेश : काकी, ती नाही म्हणाली ना.

सुनिता : तू थांब रे. मी तिला विचारतेय. कुलूप बनवणाऱ्याला कुलूप उघडता येतं, बाय.

हर्षदा : ...येतं. किल्ली मी टाकली, तर मला हवी तेवढी कार्डं काढता येतील.

उमेश : हर्षू, अगं काय बोलतेस!

हर्षदा : खरं ते बोलले. आज ना उद्या त्यांना कळलंच असतं.

सुनिता : बरं केलंस. आता माझंही ऐक. आत्तापर्यंत बर्फाला कागदी कुपनं होती, त्यातली नकली निघत होती ना, ती कुणी छापली माहितीये? माझ्या दिरानं. सोसायटीचा शिक्का माझ्याच कपाटातून नेऊन. आमच्या सोसायटीतला चिमण खरी कुपनं हातात धरून उभा, आणि बर्फ संपत आलेला. अर्ध्या बर्फावर समुद्रात गेला. आठ क्रेट पापलेट नासून आलं. दिराला घरात झापलं मी, पण बाहेर ब्र काढला नाही, चिमणनं जाब विचारला तरी. चिमण तेव्हापासून तोंड फिरवून जातो.

हर्षदा : मग काकी, किल्ली मी ठेवतच नाही. तिचे दोन भाग करू. दोन माणसांनी आपापला आकडा ठरवायचा, बंद पाकिटात ठेवायचा. एक टाकत असताना दुसऱ्यानं पाठ फिरवायची. दोघं हजर नसतील तर नवं कार्ड निघणार नाही. मी समोर असले तरी नाही.

उमेश : मग तुझ्या हातात काय राहिलं?

हर्षदा : पुढच्या सोसायटीचं काम.

सुनिता : हे मात्र कमिटीत छाती ठोकून सांगेन. आधी दहा होड्या घे, बाय. महिनाभर चालवून दाखव. बाकीच्यांचं मी बघते.

हर्षदा : दहा पुष्कळ झाल्या. परवा वरोरला येते. एक आकडा तुमचा. दुसरा कुणाचा धरू?

सुनिता : चिमणचा.

उमेश : तो तुमच्याशी बोलत नाही, काकी.

सुनिता : म्हणूनच. माझ्यावर नजर ठेवायला त्याच्यापेक्षा पक्का माणूस कुठून आणू? पण आधी दिराचं त्याला सांगायला हवं. माझ्याच तोंडानं.

उमेश : माझ्या फोनवरून लावा. तुमचं नाव दिसलं तर उचलायचा नाही.

सुनिता : नको. नाव दिसू दे... वाजतोय... अजून वाजतोय... हॅलो, चिमण? सुनिता बोलतेय. ठेवू नको रे, भाऊ.