टूथपेस्टच्या खोक्यातला उंट

चिखलीत जुन्या खेळण्यांचं विक्री-प्रदर्शन भरलं होतं. पूर्वी टूथपेस्टच्या खोक्यातून प्लास्टिकचे छोटे प्राणी निघायचे. मलिहा त्यातला उंट शोधत आली होती. रांगेत तिच्या पुढे अर्जुनराव आणि अंबूबाई हे शेतकरी जोडपं उभं होतं.

"फवारनीचं औषध आनाले आलो, अन् इथं काय शोधून राह्यले तुमी?" अंबूबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"उंट. लहानपनी माह्याजवळ होता."

"घरी दोन बैलं हायेत ना!"

"बैलाले चारा लागते. याले काईच लागत नाई."

"बीटी कपाशीच्या पराटीले बी अळी लागत नाई म्हनत होते. यंदा बोंडं फोडून पाह्यले ना?"

"अवं, उंट प्लास्टिकचा हाये! त्याले कोनती अळी लागते?"

"घ्या मंग. मी तं हात बी लावनार नाई."

टेबलावर एकच उंट आणि एकच हत्ती उरला होता. मलिहा टाचा उंचावून पाहू लागली. अर्जुनरावांनी हात पुढे करायच्या आत अंबूबाईंनी तो उचलून पदराने पुसला.

"कसा गरीब दिसते, माय!"

"मले तं पाहू दे!"

"घरी पाहा. पह्यले याच्या जोडीले हत्ती मांगा."

मलिहाने रांग सोडली, आधी हत्ती उचलला आणि विचारलं, "बदल्यात उंट देता?"