ताटावरचं मौन

येलहंक्याहून देवनहळ्ळीला जाणाऱ्या बसमध्ये मराठी कानावर पडलं, तशी पुण्याहून या कानडी मुलखात नोकरीला आलेल्या मृण्मयीनं मोबाइलवरची गाणी बंद केली. पुढच्या सीटवर दोघी वयस्कर बहिणी बसल्या होत्या.

“अक्का, कुणाला दुखवू नये म्हणून तर मी मौन धरलं होतं.”

“मग सून माहेरी का गेली, तारा?”

“तिला वाटलं, मी रुसले.”

“तिला सांगायचं होतंस.”

“मौन धरल्यावर कसं सांगणार?”

“धरायच्या आधी गं.”

“आधी वेळच कुठं मिळाला? सार खारट झालं होतं. तोंड उघडलं असतं, तर वाईटच बोलले असते. म्हणून तिथूनच धरलं.”

“ताटावरच?”

“ताटावरच. चार दिवस.”

“आणि आता तिच्या दारात जाऊन काय बोलणार?”

“तेच कळेना. चुकलं म्हणू, तर मी काही बोललेच नाही. नाही चुकलं म्हणू, तर ती गेलीय.”

“सरी, बरं. तू स्वल्प गप्प बस, मी बोलते.”

“मी गप्प बसले, की तिला पुन्हा तेच वाटेल.”

तेवढ्यात ताराबाईंचा फोन वाजला.

“तिचाच आहे. हॅलो? विद्या? अक्का, ही बोलतच नाही. नुसता श्वास ऐकू येतोय.”

“मग तू बोल.”

मृण्मयी नकळत पुढे झुकली.

“विद्या, तू रुसलीस, की मौन धरलंयस?”

“काय म्हणते?”

“रडतेय, अक्का.”

“रडतेय?”

“की हसतेय. बसच्या आवाजात कळेना.”