लमारचं स्टूल

(अलाबामातल्या लहानशा गावातला बार. शनिवारची दुपार. भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर गावाच्या लाडक्या कॉलेज-संघाचा, हेरन्सचा म्हणजे बगळ्यांचा, अमेरिकन फुटबॉल सामना. लमार टिडवेल ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच आलाय. त्याच्या बायकोच्या, नोरीनच्या, शेजारच्या स्टुलावर तरणा हॉलिस बसलेला.)

लमार : ऊठ म्हणतोय ना! माझं स्टूल आहे ते.

हॉलिस : उठतो, सर. मिस नोरीन, उठू का?

नोरीन : खबरदार! सामना चालू असताना जागा बदलायची नाही.

लमार : अगं, मी तुझा नवरा आहे!

नोरीन : घरी. इथं तू त्या खांबाला टेकून उभा राहा. तू पित्ताशय काढून घरी लोळत होतास, तेव्हा इथं हॉलिस बसला आणि आपण एकही सामना हरलो नाही. तू बसायचास तेव्हा काय होत होतं?

लमार : हरत होतो. पण त्यात माझ्या बुडाचा काय दोष?

नोरीन : हे तू बोलतोस? गेल्या मोसमात आपल्या पाद्रीबुवांना लघवीला जाऊ दिलं नव्हतंस, आघाडी जाईल म्हणून!

हॉलिस : अरेरे! सर, काकडीची भजी घ्या ना. गरम आहेत.

लमार : ही माझ्यासाठी मागवायची, तीच ही भजी.

नोरीन : तुला डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय.

लमार : आणि तू रे, सारखं 'मिस नोरीन, मिस नोरीन' काय लावलंयस?

हॉलिस : आईची शिकवण, सर. वडीलधाऱ्या बायकांना मिस म्हणावं.

नोरीन : ऐकलंस? वडीलधाऱ्या! उगाच जळून कोळसा होऊ नकोस.

लमार : मी कशाला जळू? टाके दुखतात, म्हणून तोंड असं झालंय.

हॉलिस : शू! थांबवला खेळ. आता शेवटची लाथ मारणार आपला पोरगा.

नोरीन : देवा रे! दोन गुणांनी मागे आहोत. चेंडू गोलच्या खांबांच्या मधून गेला तर तीन मिळतील, थेट अंतिम फेरी. चुकला तर मोसम संपला.

लमार : आण, हात आण.

नोरीन : लमार...

लमार : लग्नाआधीपासून लाथ आली की तू माझा हात धरतेस. आण.

नोरीन : ऐक ना. तू नव्हतास तेव्हा अशीच लाथ आली. मी सवयीनं शेजारी हात टाकला, बघितलंसुद्धा नाही. तो हॉलिसचा निघाला. आणि चेंडू मधोमध गेला रे!

लमार : आणि पुढच्या सामन्यात? तेव्हाही सवय?

नोरीन : तेव्हा बघून धरला.

हॉलिस : सर, हवं तर मी डोळे मिटून घेतो.

लमार : तुझ्या डोळ्यांशी नाही माझं भांडण!

नोरीन : बरं, तूच सांग. तू म्हणशील त्याचा धरते. पण हरलो, तर वर्षभर माझ्यासमोर सुस्कारे टाकायचे नाहीत.

हॉलिस : पोरगा मागे सरकला, मिस नोरीन!

नोरीन : बोल लवकर!

लमार : धर त्याचा.

नोरीन : नक्की?

लमार : धर म्हटलं ना! पोरांनी छाती फुटेस्तोवर खेळून इथवर आणलंय.

हॉलिस : मारली... चालला... चालला... गेला! मधोमध! जिंकलो, सर! मिस नोरीन, हात सोडा, बोटं बधिर झाली.

लमार : अगं सोड त्याला. झालं ना आता.

हॉलिस : मी सगळ्यांना बिअर आणतो. सर, तुम्हाला सोडा!

नोरीन : अख्खा बार नाचतोय. तू का असा खांबासारखा?

लमार : टाके.

नोरीन : लमार टिडवेल, माझ्याकडे बघ.

लमार : काय बघू? पाळण्यातल्या दुपट्यावरसुद्धा हेरन्सचा बगळा होता माझ्या. आणि आज तोंडानं म्हणालो धर, पण मनात एकच धावा चालला होता. चेंडू खांबावर आपटू दे. हरू दे मेल्यांना. लाज वाटते गं सांगायला.

नोरीन : ठाऊक होतं मला.

लमार : ठाऊक होतं?

नोरीन : म्हणून तर त्याचा हात जास्त घट्ट धरला.