जाळीचं खुराडं

हट्टी म्हणता ना मला? मग ऐका. बेडकाच्या नसेच्या पापुद्र्यावर उठणारी विजेची लहर लई बारीक असते. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटच्या विजेतच ती बुडून जाते. ती बाहेरची वीज अडवणारा तारेचा पिंजरा कॉलेजकडे दोन वर्षं मागूनही आला नाही. शेवटी शहागंजच्या बाजारातून कोंबड्यांची जाळी आणून मीच माणूस मावेल एवढा पिंजरा बांधला. पडद्यावर लहर स्वच्छ दिसायला लागली!

तपासणी कमिटी यायच्या दिवशी आमचे विभागप्रमुख तणतणत आले. "हे खुराडं आधी काढा! लोक हसतील."

मी पिंजऱ्यात शिरून नसेशेजारी बसले आणि आतून कडी घातली.

"मॅडम, कमिटी जिन्यात आलीय! काय सांगू त्यांना?"

"सांगा, कोंबडी खुडूक बसलीय. पिल्लं निघाल्याबिगर उठायची नाय."