खरी वही

डाळमिल काढली तर एकही आकडा खोटा लिहायचा नाही, अशी शपथ मी आणि सिद्धार्थनं कॉलेजातच घेतली होती. हसू नका, पुढं ऐका. दुष्काळाच्या वर्षी तूरच आली नाही आणि पाटोद्यातली आमची मिल बंद पडायला आली. बँक म्हणाली, सीएची सही आणा, मग कर्ज बघू. म्हणून बीडला एका सीएंकडं गेलो. तालुक्यातल्या निम्म्या सहकारी सोसायट्या त्यांच्याकडंच होत्या.

त्यांनी आमची वही चाळली. "तोटा?"

"दुष्काळ होता ना, साहेब."

"दुष्काळात माझ्या सगळ्या सोसायट्या नफ्यात हायेत. तुमालाच काय झालं? बरं, ही इन्कमटॅक्सवाल्यांना दाखवायची झाली. आता खरी वही काढा."

"हीच खरी. एकच हाय," मी छाती फुगवून म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढून आम्हा दोघांकडं नीट बघितलं. "मग फी दुप्पट पडंल."

सिद्धार्थ उखडला. "कावून? खरं लिहिलं म्हणून दंड का?"

"दंड न्हाई, बाबा. सोसायट्यांच्या वह्यांवर मी नुसती सही करतो. तुमची मला वाचावी लागंल."