सिरियलमधली आई

आईनेच ओळखलं नाही तर काय करायचं, सांग. खरी आई नव्हे रे, सिरियलमधली. मी सात वर्षांचा असताना तिचा मुलगा झालो होतो. शूटिंग लांबलं की तिच्याच मांडीवर झोपायचो, आणि माझी खरी आई डिलाईल रोडच्या घरून आणलेला डबा घेऊन सेटच्या बाहेर बसून असायची. पुढे सिरियल संपली, माझा आवाज फुटला आणि कामं यायची बंद झाली. आता परळच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, तुला माहितीये.

परवा ती आली, छातीचा एक्स-रे काढायला. केस पांढरे झालेत, पण आवाज तोच. मला राहवलंच नाही. पाया पडलो आणि म्हटलं, "आई, मी चिंटू. तुझा मुलगा."

तिने चष्मा वर केला, छान हसली. म्हणाली, "अरे बाळा, मला मुलं खूप झाली. तू कुठल्या सिरियलमधला?"

सिरियलचं नाव सांगायची इच्छाच मेली. तिला हात धरून मशीनसमोर उभं केलं, काचेमागे गेलो आणि म्हटलं, "मॅडम, श्वास रोखून धरा. हलू नका."