हात काखेत

बुटक्या : उस्ताद, तुमच्या दाराला बेल कशी नाही?

उस्ताद : उपटून टाकली. नात झाली त्या वर्षी. ही लोखंडी जाळीही त्याच वर्षी बसवली. आणि बेल असती तर दाबणार होतास काय रे?

बुटक्या : शिकवलंय कोणी मला? हातानंच ठोकलं ना. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी फायर स्टेशनला फोन केला, जिन्यात गॅसचा वास येतोय म्हणून. तो तुमच्याच घरातून येतोय. तुम्हाला कळला नाही?

उस्ताद : नाही.

बुटक्या : मला जाळीबाहेर उभं राहून नाकात झोंबतोय.

उस्ताद : तुला नाक आहे. माझं छत्तीस वर्षं आगींचा धूर ओढून गेलं. कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगत फिरू नकोस.

बुटक्या : बरं. आधी कुलूप काढा आणि बाहेर या दोघंही.

उस्ताद : किल्ली नाही. रोज खिशात असते. आज हिनं काढून घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी लावून बसली.

बुटक्या : काकू आत? गॅसपाशी?

उस्ताद : हो. मोठं पातेलं भरून पाणी तापत ठेवलं होतं. उतू जाऊन ज्योत विझली असणार, आणि बटण तसंच उघडं. मला तिकडून काही जळत असल्याचा आवाज येत नाही, की तिच्या हालचालीचा नाही. दाराला पाठ लावून खाली बसली आहे, तेवढं फटीतून दिसतं.

बुटक्या : खाली नको. हा गॅस जमिनीलगत साचतो.

उस्ताद : मला सांगतोस?

बुटक्या : जाळीच्या बिजागऱ्या काढतो मग. पितळी हातोडी आणली आहे, ठिणगी पडायची नाही.

उस्ताद : ती हातोडी मीच भांडून मंजूर करून घेतली होती. इथे तिचा उपयोग नाही. बिजागऱ्यांवर मी वेल्डिंग करून घेतलंय. ही दोनदा बाहेर पडून फायर स्टेशनपर्यंत चालत गेली होती, पोराला शोधत. एकदा तर अनवाणी.

बुटक्या : आणि कटर चालवायचा तर ठिणग्यांचा पाऊस. उस्ताद, गावभर घरोघरी जाऊन ‘बाहेर पडायला दोन वाटा ठेवा’ असं सांगत फिरणारा माणूस तुम्हीच ना?

उस्ताद : टोमणे मागाहून मार. वीज?

बुटक्या : ड्रायव्हर खाली मीटरपाशी आहे. बंद केलीच त्यानं. बघा, तुमचा फ्रिज बंद झाला. वरचे-खालचे सगळे मैदानात नेलेत.

काकू : अहो. लाइट गेले वाटतं. खिडकीच्या फळ्याही बंद, इथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. आणि कसला तरी घाण वास येतोय. काडी पेटवून बघू का कुठून येतोय ते?

उस्ताद : नाही. अगं, काडीला हात लावू नकोस. कडी काढ आणि बाहेर ये.

काकू : मुळीच नाही. रोज तुम्ही मला कोंडता, आज मी तुम्हाला. कळू दे जरा, कसं वाटतं ते.

उस्ताद : मघापासून हेच चाललंय. विनवून झालं, दरडावून झालं. दार तोडावं तर ती मागेच बसली आहे, आणि कडी लोखंडी, कोयंडा लोखंडी. बुटक्या, एक कर. तू पोराच्या आवाजात बोल. त्याचं ती ऐकते.

बुटक्या : नाही.

उस्ताद : एकदाच.

बुटक्या : एकदाच कसं? रोज सकाळी तुम्ही तिला सांगता, तो ड्युटीवर आहे, येईलच एवढ्यात. म्हणून ती रोज त्याच्या अंघोळीचं पाणी ठेवते. ते पाणीच आज उतू गेलं. आणि मी इथून ‘आई, आलो’ म्हटलं तर ती चहा ठेवायला गॅस पेटवेल.

उस्ताद : मग काय करू सांग. मला दुसरं काही येत नाही तिच्याशी बोलायला.

काकू : काडेपेटी कुठे ठेवली मी? हां, ही सापडली.

बुटक्या : काकू, मी बुटक्या बोलतोय.

काकू : कोण? सगळ्यांची ताटं झाल्यावर पातेलं पुसून खाणारा?

बुटक्या : तोच. अजून तेवढाच आहे, उंची वाढली नाही. काकू, घरात वास आला की हात कुठे?

काकू : हे काय विचारणं झालं?

बुटक्या : सांगा तर. हात कुठे?

काकू : काखेत. थंडी वाजल्यासारखे घट्ट. मला ओट्यापाशी उभं करून घोकून घ्यायचा तो. भाजी करपायला लागली तरी सोडायचा नाही. चुकले की म्हणायचा, आई नापास.

बुटक्या : काखेत कशाला?

काकू : हात सवयीनं दिव्याच्या बटणाकडे जातो, डोक्याला विचारत नाही. दाबून धरला म्हणजे त्याला आधी विचारावं लागतं. तुम्ही सगळे तसेच शिरता ना कुणाच्या घरात? मी म्हटलं होतं, थंडीनं कुडकुडणाऱ्या दरोडेखोरांसारखे दिसता.

बुटक्या : मग आत्ता तुमचे हात कुठे आहेत?

काकू : एका हातात काडेपेटी आहे.

बुटक्या : नापास.

काकू : थांब की जरा. ठेवली. पिठाच्या डब्यावर. आता आहेत काखेत.

उस्ताद : देवा.

बुटक्या : उस्ताद, तुम्ही गप्प. काकू, आता उभ्या राहा.

काकू : हातांशिवाय कशी उठू? गुडघे काय तुझ्या वयाचे आहेत?

बुटक्या : दाराला पाठ घासत उठा. सावकाश.

काकू : उठले. डोकं गरगरतंय रे.

बुटक्या : साहजिक आहे. आता श्वास रोखून एकच हात काढायचा. ओट्याखाली सिलिंडरवर रेग्युलेटर आहे, त्याचं बटण बंद करायचं. दुसरं कशालाही शिवायचं नाही. झालं की हात परत काखेत.

काकू : रोजच बंद करते मी झोपताना. मला नको शिकवू.

बुटक्या : नाही शिकवत. नुसतं सोबतीला बोलतोय.

उस्ताद : आवाज का येत नाही? बुटक्या, ती बोलत का नाही?

बुटक्या : श्वास रोखायला मीच सांगितलंय.

काकू : झालं. टक् वाजलं. खिडकी उघडते, म्हणजे वारा येईल.

बुटक्या : पैकीच्या पैकी.

काकू : उघडत नाही. फटींत वर्तमानपत्रं कोंबलीत.

बुटक्या : कोणी?

उस्ताद : मी. हिला गार वारा सोसत नाही.

बुटक्या : बेल तुम्ही उपटली, बिजागऱ्या तुम्ही जोडल्या, खिडकी तुम्ही बुजवली. हे घर बांधलंय की डबा?

उस्ताद : मला वाटायचं, पुन्हा कुणी घरातून जाऊ नये.

काकू : कागद ओढून काढले मी. उघडली खिडकी. हं. बरं वाटतंय. आता काढते कडी.

उस्ताद : थांब. तशी ओढू नकोस. ती गंजली आहे, करकरते. लोखंडावर लोखंड घासायला नको. आधी कडीवर पाणी ओत. भरपूर ओत, खाली कोयंड्यापर्यंत.

काकू : नळाला पाणी नाही आत्ता.

उस्ताद : पातेल्यातलं घे, कोमट झालं असेल एव्हाना.

काकू : ते त्याच्या अंघोळीचं आहे.

उस्ताद : माहीत आहे.

काकू : काजळी लागलेली असते त्याच्या मानेला, कानामागे. गार पाण्यानं निघत नाही ती. थोडं ठेवते त्याच्यासाठी.

उस्ताद : थोड्यानं भागणार नाही. सगळं ओत. माझं ऐक. आजवर तुला पुष्कळ खोटं सांगितलं, हे खरं सांगतोय. सगळं ओत.

काकू : हे बघा, ओतलं. पायसुद्धा भिजले माझे.

बुटक्या : आता कडी. हळू. लेकराला झोपेतून उठवल्यासारखी.

काकू : सरकतेय. सरकली.

उस्ताद : ये. ये इकडे, हात धर माझा. किल्ली कुठे आहे?

काकू : कमरेला खोचली आहे. घ्या. पण उद्या पुन्हा मला कोंडायचं नाही.

उस्ताद : नाही कोंडणार.

बुटक्या : कुलपावरही ओला फडका धरून फिरवा, उस्ताद. बास. निघा आता. काकू, पायऱ्या बघून. बाकीचं आम्ही बघतो.

(खालच्या अंगणात. काकू कट्ट्यावर बसलेल्या, अंगावर बुटक्याचा जाडा कोट.)

काकू : ह्या कोटाला तोच वास आहे.

बुटक्या : सगळ्या कोटांना एकच वास असतो, काकू. कितीही धुतले तरी. घरात वारा फिरला आहे, गॅस मोजायचं मीटर लावून तपासलं. तासाभरानं वर जाता येईल. जाळी मात्र आजच काढायची.

उस्ताद : काढ. चौकटीसकट काढ.

काकू : त्याचं पाणी सगळं सांडलं हो. आता येईल, विचारेल, काय सांगायचं त्याला?

बुटक्या : काकू, तो आज ड्युटी...

उस्ताद : बुटक्या. नको. माझ्याकडे बघ गं. तो येणार नाही.

काकू : आज नाही?

उस्ताद : आजही नाही, उद्याही नाही. असाच गॅस भरलेल्या घरात शिरला होता तो.

काकू : मग हात काखेत ठेवले नव्हते का त्यानं?

बुटक्या : ठेवले होते, काकू. मी दोन पायऱ्या मागे होतो, मी पाहिलं. घट्ट दाबून धरले होते. शेजारच्या कुणीतरी घाबरून त्या घराची बेल दाबली, तिच्या ठिणगीनं भडका उडाला.

काकू : म्हणजे तो चुकला नाही.

बुटक्या : नाही. पास झाला तो.

काकू : मला का नाही सांगितलं कुणी?

उस्ताद : सांगितलं होतं. तू विसरलीस, आणि दुसऱ्यांदा सांगायचं माझ्यानं झालं नाही. पुन्हा विसरलीस तर पुन्हा सांगेन. रोज सांगेन.

काकू : कधी गेला?

उस्ताद : नात झाली त्या वर्षी. ती अकरा दिवसांची होती. नोव्हेंबरची सतरा तारीख, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. आपला मुलगा तेव्हा गेला.